महादू तारीचा एकच प्रश्न

लवू परब हवालदार होऊन आडबंदरच्या चौकीवर आला तेव्हा त्याला समुद्राची सवय नव्हती. घाटाच्या पायथ्याशी भात पिकवणाऱ्या घरातला माणूस. होडीत बसला की दोन्ही हातांनी फळी धरून ठेवायचा, आणि खाडीवरची माणसं हसायची. हसणाऱ्यांत महादू तारी पहिला. खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं नेण्या-आणण्याचं काम त्याच्या घरात बापापासून चालत आलेलं. त्यातून वेळ मिळेल तेव्हा तो मासेमारी करी.

चौकीचे फौजदार इनामदार हे घाटावरचे. उंच, गोरे, बोलणं मोजकं. लवूला त्यांची भीती वाटायची, पण ती पहिल्या वर्षापुरतीच. छप्पन्न सालच्या श्रावणात लवूची बायको यशोदा अडली. वाडीतल्या सुईणीने हात टेकले आणि म्हणाली, मालवणच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील. खाडीला असं पाणी आलं होतं की मोठी होडीही कोणी सोडत नव्हतं. लवू काठावर नुसता उभा राहिला. 

इनामदार चौकीतून खाली आले. त्यांनी महादूला हाक मारली.

"होडी घालशील?"

महादूने पाण्याकडे पाहिलं. "घालतंय. पन पानी उपसूक एक मानूस व्हयो."

"मी आहे," इनामदार म्हणाले, आणि बूट काढून होडीत चढले.

पलीकडे पोचेपर्यंत फौजदार डब्याने पाणी उपसत होते. महादूच्या तळहाताची साल निघाली. यशोदा वाचली, मुलगी झाली. त्या दिवसापासून या दोन माणसांसाठी आपण काहीही करू, असं लवूने मनाशी धरलं. त्यांच्यातला एकच निवडायची वेळ येईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता आणि सरहद्द बंद होती. तिकडून घड्याळं, सोनं, रेशमी कापड चोरून यायचं. आडबंदरच्या किनाऱ्यावर ते उतरतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माल दाजीशेट नावाच्या व्यापाऱ्याचा. माल येणार असला की लवूला कुठल्यातरी लांबच्या गावी समन्स बजावायला जावं लागे. पहिले काही महिने त्याला यात काही वावगं दिसलं नाही. पुढे दिसलं. एकदा ज्याच्यावर समन्स होतं तो माणूसच वारला होता, म्हणून लवू अर्ध्या वाटेवरून परतला. सुरूच्या बनापाशी बैलगाड्या भरल्या जात होत्या आणि इनामदार बाजूला सावलीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी लवूला पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली.

"घरी जा, लवू. ऊन फार आहे."

तो घरी गेला. त्याने यशोदेलाही काही सांगितलं नाही. दाजीशेटचा माल म्हणजे काही कुणाचा खून नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली, आणि ती दीड वर्ष पुरली.

अठ्ठावन्न सालच्या माघात कस्टमवाल्यांनी मालवणजवळ एक गलबत पकडलं. माल दाजीशेटचा निघाला. त्या गलबताची खबर महादू तारीने दिली होती. कारण साधं होतं. दाजीशेटच्या माणसांनी अंधारात गलबत हाकताना त्याची जाळी दोनदा फाडली होती, आणि भरपाई मागायला गेला तर हाकलून दिलं होतं. आता कस्टमच्या खटल्यात तोच मुख्य साक्षीदार होणार होता.

इनामदारांनी लवूला चौकीच्या मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर गोव्याच्या फेणीच्या चार बाटल्या होत्या. राज्यात तेव्हा दारूबंदी होती.

"महादूच्या घरी ठेवायच्या," ते म्हणाले. "संध्याकाळी मी पंच घेऊन झडती घेईन."

लवूने एक बाटली उचलून परत ठेवली.

"तीन महिन्यांची शिक्षा होईल, जास्त नाही. पण दारूच्या गुन्ह्यातल्या माणसाची साक्ष कस्टमच्या खटल्यात कोण धरणार? आणि ती साक्ष झाली, तर दाजीशेट माझं नाव घेतल्याशिवाय राहणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. मागितलं का?"

"नाही साहेब."

हे खरं होतं. त्यांनी होडीचा विषय काढला नाही. काढला असता तर लवूला कदाचित राग आला असता आणि गोष्ट सोपी झाली असती.

दुपारी लवू खांद्याला पिशवी लावून महादूच्या घरी गेला. महादू खाडीवर होता. त्याची बायको शेवंती अंगणात सुके बांगडे उलटत होती. तिने हात धुऊन पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला.

"बसा हवालदारानू. यशोदा बरी आसा? चेडू चलाक लागलां मा?"

"लागलां," लवू म्हणाला; मुलगी आता घरभर फिरत होती. ती आतून आणखी पाणी आणायला वळली, तेवढ्यात त्याने ओटीवरच्या भाताच्या कणगीमागे बाटल्या सरकवल्या. ती आली तेव्हा तो उभा राहिला होता. दुसरा तांब्या त्याने प्यायला नाही.

संध्याकाळी झडती झाली. बाटल्या सापडल्या. महादूने एकदा बाटल्यांकडे आणि एकदा शेवंतीकडे पाहिलं. शेवंती लवूच्या खांद्यावरच्या रिकाम्या पिशवीकडे पाहत होती. पंचनामा लवूनेच लिहिला. त्याचं अक्षर चांगलं होतं.

खटला चैत्रात मालवणच्या कोर्टात उभा राहिला. आदल्या दिवशी लवूने यशोदेला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. त्याला वाटलं होतं ती चिडेल, खरं बोला म्हणेल. ती म्हणाली, "गप ऱ्हवा. सायब नसते तर मी आज जित्ती नसतंय."

"महादू पन होतो गो."

"होतो. तीन म्हयने भोगून येतलो घराक. सायबाची नोकरी गेली तर ती परत मेळाची नाय. आनि तुमची?" तिने मुलीला मांडीवर ओढलं. "माका आनखी काय इचारू नकात."

कोर्टात लवू पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलाने विचारलं आणि त्याने घडाघडा सांगितलं. "खबर मिळाल्यावरून पंचांसमक्ष आरोपीच्या घराची झडती घेतली असता कणगीमागे गोवा बनावटीच्या दारूच्या चार बाटल्या मिळून आल्या." ही कागदावरची मराठी त्याला चौकीत शिकवली होती. ती बोलताना तो दुसराच कोणीतरी असायचा. वाक्यं आपोआप येत होती आणि त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

महादूला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपीला साक्षीदाराला काही विचारायचं आहे का?"

महादू उभा राहिला. त्याने धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"एकच इचारूचा आसा, सायब." मग तो लवूकडे वळला. "हवालदारानू, त्या दिसा दुपारी तुमी माझ्या घराक इललात. शेवंतीन तुमका पानी दिल्यान. तेव्हा तुमच्या पिशयेत काय होतां?"

कोर्टातल्या कारकुनाने मान वर केली. मॅजिस्ट्रेटनी लवूला विचारलं, "प्रश्न कळला का?"

"कळला साहेब."

उत्तर तयार होतं. पिशवीत समन्सचे कागद होते. इनामदारांनी तेही सांगून ठेवलं होतं. पण ते उत्तर कागदी मराठीत होतं आणि प्रश्न घरच्या बोलीत आला होता. लवूने तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात तो मालवणीत बोलला.

"बाटल्यो होत्यो. मीच ठेवलंय."

कुणीतरी खोकलं. मॅजिस्ट्रेटनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्यांनी ते वाक्य लवूकडून पुन्हा वदवून घेतलं आणि स्वतः लिहिलं. मग विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून?"

इनामदार भिंतीशी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर धमकी नव्हती. ते थकल्यासारखे दिसत होते. लवूने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"कोणाच्या नाही. माझ्या मनाने."

महादू सुटला. लवूवर खोटा पुरावा केल्याचा खटला झाला, सहा महिने सक्तमजुरी झाली आणि तो नोकरीतून बडतर्फ झाला. इनामदारांनी वर लिहून कळवलं की हवालदाराचं आरोपीशी वैयक्तिक वैमनस्य असावं. त्यांची बदली झाली, पण बढतीवर. यशोदा मुलीला घेऊन लवूच्या गावी गेली आणि तो सुटून आल्यावर पहिले काही महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. "सायबांका वाचयलात, तां बरां केलात," एवढं मात्र ती एकदा म्हणाली. लवूलाही तसंच वाटत होतं. आपण दोघांचंही देणं फेडलं, कुणालाच बुडवलं नाही. शेतात नांगर धरताना हा विचार त्याला आधार द्यायचा.

चार वर्षं गेली. गोवा स्वतंत्र झाला. बासष्टच्या मार्गशीर्षात लवू नवं भात विकायला मालवणच्या सोमवारच्या बाजारात आला, आणि सुक्या मासळीच्या ओळीत त्याला महादू दिसला. लवू पुढे निघून जाणार होता.

"लवू," महादूने हाक मारली. हवालदारानू नाही.

तो थांबला.  लवूनेच विचारलं, "होडी आसा अजून?"

"इकलंय. आता दुसऱ्याच्या ट्रॉलरार जातंय." महादूने गोणपाटावर त्याला जागा करून दिली. लवू बसला. "तू त्या दिसा बोललंस, म्हणान मी भायर रवलंय. तां मी इसरूचंय नाय. पन तू अर्धांच बोललंस."

"म्हंजे?"

"देवबागचो शिवा तुका म्हायत आसा? नसतलो. माझ्यार दारूचो डाग लागलो म्हणान कस्टमवाल्यांनी माका सोडून तेका साक्षीदार केल्यानी. तुझो सायब बदलून जावच्या आदी तेच्याही घरात बाटल्यो गावल्यो. ठेवणारो दुसरो, ठेवक सांगणारो तोच. शिवा काय माझ्यासारको इचारूक शिकलेलो नव्हतो. वर्सभर आत गेलो. तो आत असताना तेची बायल मेली. पोरां मामान नेल्यान."

लवू समोरच्या बांगड्यांकडे बघत राहिला.

"माका सोडवलंस," महादू म्हणाला. "तुझ्या सायबाक पन सोडवलंस."

"तेनी यशोदेक..."

"माका सांगतंस? होडी कोनाची होती?" महादूचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच खाली आला. "मी तुझ्याकडे कधी काय मागूक इलंय? उपकार केलेलो मानूस चांगलोच असता असां नाय रे. तेना एक बरां काम केल्यान. तां बऱ्याच्या खात्यात ऱ्हवांदे. वायटाचां तां काय पांघरूण न्हय."

गिऱ्हाईक आलं आणि महादू तराजूकडे वळला. लवूने पोत्यातलं भात मिळेल त्या भावाला दिलं आणि शेवटच्या गाडीची वाट न बघता कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेला. म्हातारा दौत उघडून बसला होता.

"काय लिहायचं?"

"पोलिस सायबांना अर्ज. चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा." लवू थोडा थांबला. "मी बोलतो तसंच लिहा. सुधारू नका."

घरी आल्यावर त्याने यशोदेला अर्जाची नक्कल वाचून दाखवली.  "आता सायबांका काय होयत?" तिने विचारलं. त्याने शिवाच्या बायकोचं सांगितलं. यशोदा उठून परसात गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने त्याला अडवलं नाही.

चौकशी रत्नागिरीला पुढच्या उन्हाळ्यात झाली. व्हरांड्यातल्या बाकावर इनामदार बसले होते. केस पिकले होते, खांद्यावर एक बिल्ला वाढला होता. लवूला पाहून ते बाजूला सरकले. लवू बसला नाही.

"त्या दिवशी कोर्टात तू माझं नाव घेतलं नाहीस," इनामदार म्हणाले. "मी घरी जाऊन रडलो होतो. तुला खोटं वाटेल."

"नाही वाटत, साहेब."

"मग आता का?"

लवूला पुष्कळ सांगायचं होतं. त्याला एकच वाक्य सापडलं. "शिवाचं घर बुडालं, साहेब. मी तेव्हा बोललो असतो तर नसतं बुडालं."

"मला त्याचं वाईट वाटतं."

"तां आत जावन सांगा," लवू म्हणाला. आपण साहेबांशी मालवणीत बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

शिपायाने नाव पुकारलं. लवू आत गेला आणि पहिल्या समन्सापासून चार बाटल्यांपर्यंत सगळं सांगितलं. चौकशी अधिकारी मध्ये मध्ये थांबवून शब्दांचा अर्थ विचारत होते. दोन तास लागले.

इनामदारांना मुदतीआधी घरी बसवलं. दाजीशेटला काहीच झालं नाही. तो पुढे नगरपालिकेत निवडून आला. शिवाचा गुन्हा कागदोपत्री रद्द झाल्याचं पत्र देवबागला गेलं, तेव्हा तो रत्नागिरीच्या बंदरात हमाली करत होता, आणि ते पत्र त्याच्या हाती पडायला आणखी पाच महिने गेले. लवूला नोकरी परत मिळाली नाही. त्याने मागितलीही नव्हती. त्या वर्षी भात बरं आलं, कापणीला माणसं कमी पडली, आणि तो व यशोदा पहाटेपासून शेतात असायची.