तिच्या हाताची रॅकेट

मित्रांनो, मी बॅडमिंटनची रॅकेट आहे. आता माझे वय झाले आहे. दांड्यावरचा निळा रंग उडाला आहे आणि त्यावर छापलेली अक्षरे तर कधीच पुसली गेली. पण मी कोणाच्या हातात होते, हे कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या धाग्यांचे पातळ थर साच्यात घालून, तापवून माझी चौकट घडवली. मला मुद्दाम डोक्याकडे जड ठेवले होते आणि दांडाही ताठ केला होता. अशी रॅकेट जोरात हात फिरवणाऱ्यालाच मानवते. दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. मुले रंग बघून मला उचलत, हवेत दोनदा फिरवत आणि मनगट चोळत परत ठेवून देत. आपल्यातच काही खोट आहे, असे मला वाटू लागले होते.

मग एक जोडपे आले. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. ती शाळेत खेळ शिकवायची. लग्न नुकतेच झाले होते. दुकानदाराने तिला रंग कोणता हवा ते विचारले नाही, खेळ कसा आहे ते विचारले.

“मागे उभी राहते आणि मारते,” ती म्हणाली.

दुकानदाराने मला खाली काढले. नवऱ्याने माझा दांडा एका बोटावर तोलून धरला, तर माझे डोके लगेच खाली झुकले. डोके जड आहे हिचे, तुमचे दोघींचे जमेल, असे तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि मूठ आवळून पाहिली. बोटांची टोके आणि तळवा यांच्यात जेमतेम एक बोट मावेल इतकी जागा उरली. मूठही तिच्या मापाची होती. मी तिच्याबरोबर घरी गेले.

रॅकेटला तारा ओवून ताणून बसवणे, याला खेळाडू गटिंग म्हणतात. ते काम तो घरीच करी. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्याचे यंत्र होते. काचा बसवणारा माणूस तो, हात एकदम स्थिर. तिला सत्तावीस पाउंडांचा ताण लागायचा. एवढ्या घट्ट तारा शटल नेमके हवे तिथे पाठवतात, पण स्वतःहून त्याला जोर देत नाहीत. जोर हाताचा लागतो. सैल तारांचे उलटे असते. त्या थोड्या जोरातही शटल लांब फेकतात, पण नेम तेवढा राहत नाही. तिच्या हातात जोराला तोटा नव्हता. तिचा फटका बसला की मी टणकन वाजत असे आणि शेजारच्या कोर्टावरचे लोक मान वळवून बघत. हॉलमध्ये तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे.

दोघे जोडीने खेळत. तो पुढे जाळीपाशी, ती मागे. घरी ती त्याला ‘अहो’ म्हणे आणि कोर्टावर ‘अरे’. “अहो, जरा सोडता का,” असे म्हणेपर्यंत शटल खाली पडते, असे तिचे म्हणणे होते. त्यांची लेक हॉलच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन लहानाची मोठी झाली. मित्रांनो, ती वर्षे फार चांगली गेली. घामाने माझी मूठ ओली व्हायची आणि ती रोज मला फडक्याने पुसून पिशवीत ठेवायची.

मग तिचे फटके जाळीत जाऊ लागले.

आधी कोणी मनावर घेतले नाही. तिने दोष तारांना दिला. तारा सैल पडल्यात, एक पाउंड वाढवा, असे तिने सांगितले आणि त्याने वाढवला. त्यामुळे तर तिचे खांदे आणखीच भरून येऊ लागले. घरी तिला बरणीचे झाकण उघडेना. फळ्यावर लिहिताना हात मध्येच खाली यायचा. दोघे डॉक्टरांकडे गेले. स्नायूंचा आजार निघाला, हळूहळू वाढत जाणारा. त्यावर औषध म्हणावे असे नव्हते. डॉक्टरांनी खेळू नका असे सांगितले नाही, झेपेल तेवढे खेळा म्हणाले. घरी आल्यावर तिने मला पिशवीतून काढले, पुसले आणि पुन्हा ठेवले.

पुढच्या गटिंगला तिने पुन्हा सत्तावीसच सांगितले, पण त्याने यंत्राचा काटा पंचविसावर ठेवला. मला कळले, पण मी कोणाला सांगणार? त्या आठवड्यात तिचे शटल पुन्हा मागच्या रेषेपर्यंत जाऊ लागले. हात सुधारतोय, असे ती परगावी असलेल्या लेकीला फोनवर आनंदाने सांगत होती. तो शेजारच्या खोलीत यंत्राला तेल देत बसला होता. नंतर तो चोविसावर आला, मग बाविसावर, मग एकविसावर. ती विचारी, “सत्तावीसच ना?” आणि तो मान हलवी.

एका संध्याकाळी त्याने शाळेतल्या एका मुलीची रॅकेट ताणून टेबलावर ठेवली होती. मी शेजारीच पडले होते. तिने सहज त्या रॅकेटवर तळहात आपटला. ती टणकन वाजली. मग तिने माझ्यावर आपटला. मी थपकन वाजले. तिने पुन्हा करून पाहिले. मग ती खुर्ची ओढून तिथेच बसून राहिली.

तो आत आला तेव्हा मी तिच्या मांडीवर होते.

“किती आहे?” तिने विचारले.

“एकवीस.”

“अरे, मला विचारायचं तरी.” घरात तिने त्याला पहिल्यांदाच असे म्हटले.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मग तुझा खेळ सुटला असता.”

“हात माझा आहे. त्यात किती उरलंय ते मला कळायला नको? मी सगळ्यांना सांगत सुटले, सुधारतोय म्हणून.”

तो तिच्या समोर बसला. तिने त्याला सांगितले, की उद्या दुकानात जाऊ. तिचा आवाज शांत होता. मग तिने मला पिशवीत भरले.

दुकानात आता जुन्या दुकानदाराचा मुलगा बसत होता. त्यानेही खेळ कसा आहे, हेच विचारले. ती म्हणाली, “जाळीपाशी उभी राहते. मागचं सगळं हे बघतात.” नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिले. तिने घाई केली नाही. एकेक रॅकेट हातात घेऊन तिने तोलून पाहिली आणि शेवटी एक अगदी हलकी निवडली. तिचे वजन मुठीकडे होते, दांडा लवचीक होता. ताण तिने स्वतः सांगितला, एकोणीस. मी पिशवीतून सगळे ऐकत होते. तिने अगदी बरोबर निवड केली. तशीच निवड करायला हवी होती. पण त्या दिवशी मी तिला मुकले.

त्यानंतर मी कपाटावर गेले. खालच्या गोष्टी मला कानांनीच कळायच्या. तो मागे धावू लागला आणि दमून घरी येऊ लागला. ती जाळीपाशी नाजूक फटके शिकली आणि त्यावरून त्याला चिडवू लागली. असे काही काळ चालले. मग ती फक्त सर्व्हिस करून बाजूला होऊ लागली. मग बाकावर बसू लागली. मग हॉलला जाणे बंद झाले आणि घरात चाकाच्या खुर्चीचा आवाज येऊ लागला. पुढे तोही थांबला. दाराशी बऱ्याच चपला निघाल्या, लेक आली, माणसे हळू आवाजात बोलली आणि गेली.

तिच्यामागे काही महिन्यांनी त्याने मला खाली काढले. माझ्यावरची धूळ पुसली. तारा अजून त्याच होत्या, त्याने न सांगता बसवलेल्या. त्याने त्या मधून बाहेरच्या बाजूला कापत काढल्या, मला यंत्रावर बसवले आणि काटा सत्ताविसावर नेला.

लेक दारात उभी होती. “बाबा, कोणासाठी?” तिने विचारले.

“तिला सत्तावीस हवा होता,” तो म्हणाला. “तिला मी खोटं सांगत होतो. एकदा तरी खरं असू दे.”

तो एकेक तार ओवू लागला. मी जीव मुठीत धरून सोसत होते, कारण मलाही ते हवे होते. उभ्या तारा झाल्या. आडव्या अर्ध्याअधिक झाल्या. पण मीही आता पूर्वीची राहिले नव्हते. वरच्या बाजूला कट असा बारीक आवाज झाला आणि माझी चौकट आत दबली.

त्याने हात मागे घेतला. त्याच्यासारख्या जाणत्या माणसाला जुनी चौकट किती ताण सोसते हे कळत नव्हते असे नाही. त्याला त्या दिवशी कळून घ्यायचे नव्हते. इतक्या दिवसांत तो रडला नव्हता. आता यंत्रावर डोके टेकून रडला. लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग कात्री घेऊन तिने माझ्या तारा कापल्या, आणि मला मोकळे वाटले.

मित्रांनो, मी आता खेळात येणार नाही. पण तुम्ही रॅकेट घ्यायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका आणि दुसऱ्याच्या ताणाशी बरोबरी करू नका. तुमचा आजचा हात कसा आहे ते बघा. तो उद्या बदलेल, तेव्हा ताणही बदला, त्यात कमीपणा नाही. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थकत असेल, तर त्याच्या तारा गुपचूप सैल करू नका. त्याच्याशेजारी बसा आणि त्याला विचारा. उत्तर ऐकायला जड जाईल. तरीही विचारा.