दुसरा रिसीव्हर

नांदवणला फोन आला तेव्हा गावानं त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि पहिला फोन कुणी करायचा यावरून दोन भाऊबंदांनी एकमेकांशी अबोला धरला. पुढे तीन वर्षांत फोनचं अप्रूप ओसरलं आणि तो पिठाच्या गिरणीसारखा रोजचा झाला. जीवराम आबांच्या ओट्याला लागून एक खोली होती. त्या खोलीत काचेचं दार असलेली लाकडी केबिन, केबिनबाहेर एक स्टूल आणि स्टुलावर सुगंधा. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला होता. अपंगांच्या कोट्यातून तिला हा बूथ मिळाला, ते साल एक्क्याण्णव. बारावी झालेली, बिनलग्नाची, चौतिशीची बाई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, आणि अक्का म्हटलं की माणूस थकत नाही असं गावाला वाटायचं.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी दोनच्या सुमाराला धुरपदाबाई सुनेला पुढे घालून आल्या.

"अक्का, इना भाऊले फोन लाव. दोनच मिनिट हां, चुल्हावर डाळ ठेयेल शे."

सुनेचं नाव वच्छला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिचा भाऊ निंबा धुळ्याला हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. सुगंधानं नंबर फिरवला, मालकानं निंबाला हाक मारली, वच्छलानं आत जाऊन दार ओढून घेतलं. पण केबिनच्या काचेचा खालचा कोपरा तुटलेला होता, त्यामुळे आतलं बोलणं तुकड्या-तुकड्यानं बाहेर यायचंच.

"दादा... हा, मीच... नही रे, तसं नही, आठे तं..."

इतक्यात फोनमध्ये बारीकसं 'कट्' झालं आणि पलीकडचा आवाज निम्मा झाला. वच्छला थांबली. मग सगळं ठीक असल्याचं, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाली, "बठ्ठं बरं शे, दादा. तू काळजी नको करू."

हे 'कट्' काय होतं ते गावातल्या बायकांना पाठ होतं. बूथच्या तारेला मधूनच एक जोड दिलेला होता आणि ती तार भिंतीतून आबांच्या माजघरात गेली होती. तिथे कोनाड्यात दुसरा फोन. बूथवर कुणी सून बोलायला लागली की आबा तो रिसीव्हर उचलायचे आणि कानाला लावून शांत बसायचे. मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. चुडामण लाईनमननं वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीवर हे काम करून दिलं होतं. खोलीची जागा आबांनी फुकट दिली ती याच अटीवर.

आबा दुष्ट नव्हते, हे आधीच सांगायला हवं. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते अडल्यानडल्याला धावून जाणारे, दारू-तंबाखूला न शिवणारे. फोन यायच्या आधी गावात सुनांच्या माहेरची पत्रं आबांच्या ओट्यावरच फुटायची आणि मोठ्यानं वाचली जायची. पत्र सुनेच्या हातात पडायच्या आधी ते अर्ध्या गावाला ठाऊक असायचं. परक्याचं पत्र फोडणाऱ्याला आपल्याकडे चोर म्हणतात, सुनेचं पत्र फोडणाऱ्याला वडीलधारे म्हणतात. सुगंधानं पहिल्या वर्षी एकदा दबकत विचारलं होतं, तेव्हा आबा मायेनं म्हणाले होते, "पोरी, गावनी इज्जत शे. सुना काय बोलतस, कोनले बोलतस, मोठासले मालूम नको का?" आणि सुगंधाला, खरं सांगायचं तर, ते तेव्हा पटलंही होतं. बिनखर्चाची जागा मिळाली की माणसाला बरंच काही पटतं.

चार दिवसांनी वच्छला एकटीच आली. डोक्यावर दळणाचा डबा. तिनं आधी ओट्याकडे पाहिलं.

"अक्का, आबा घर शेतस का?"

"आबा अमळनेर गयात. सांजनी गाडीवर येतीन."

सुगंधा खोटं बोलली नव्हती. सकाळी आबांना एस.टी.त चढताना तिनं पाहिलं होतं. पण अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली आणि आबा कुणाच्या तरी बैलगाडीतून मागच्या गल्लीनं घरी परतले, ते तिला कुठून कळणार?

वच्छला आत गेली आणि बोलत सुटली. "दादा, माले लई जा. बुधवारे ये. मोटारसायकल आन म्हनी बोलतस रोज, अन् परवा तं सासूनी... दादा, माले आठे ऱ्हावानं नही..."

कट्.

काचेतून सुगंधाला तिचा चेहरा दिसला. रिसीव्हर धरलेला हात तसाच, तोंड उघडं. आणि मग तेच, "बठ्ठं बरं शे, दादा."

संध्याकाळी आबांनी वच्छलाच्या सासऱ्याला बोलावून घेतलं. त्यांच्या मते त्यांनी चांगलंच केलं. घरातली गोष्ट घरात मिटवा, सुनेला त्रास देऊ नका, असं दटावलंही. सासऱ्यानं मान डोलावली. बुधवारी निंबा आला तेव्हा त्याला सांगितलं की वच्छला मावससासूकडे गेलीय, आठवड्यानं येईल. वच्छला त्याच वेळी मागच्या खोलीत कोंडलेली होती. पुढे पंधरा दिवसांनी ती विहिरीवर दिसली तेव्हा तिच्या उजव्या तळहाताला तव्याचा चटका होता. ज्या हातानं रिसीव्हर उचलला, तोच हात.

तो हात सुगंधानं पाहिला. 'आबा गावात नाहीत' हे तिनंच सांगितलं होतं. तिच्याच भरवशावर पोरीनं तोंड उघडलं होतं.

तिनं आधी सरळ मार्ग धरला. अर्ज लिहिला. सार्वजनिक फोनच्या तारेला खाजगी घरात दुसरा फोन जोडलेला आहे, तो काढावा. गावात सह्या मागितल्या. दोन आठवड्यांत तीन मिळाल्या, त्यातली एक तिच्या आईची. मग दोन एस.टी. बदलून ती टेलिफोनच्या कचेरीत गेली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. एकेक पायरी हातानं पाय उचलून चढली.

"बाई, असं जोडणं नियमात नाहीच," साहेब म्हणाले. "पण तक्रार कोणाची आहे? ऐकणाऱ्यांची तर नाही. बोलणाऱ्यांची लेखी आणा."

"बोलणाऱ्यांना लिहिता आलं असतं, साहेब, तर त्या आजपर्यंत कशाला गप्प राहिल्या असत्या?"

साहेबांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला. पुढच्या खेपेला ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला अर्ज सापडत नव्हता. चौथ्यांदा सुगंधा जिन्यापाशी उभी राहिली, वर पाहिलं आणि पहिल्याच पायरीवर बसली. अर्धा तास तशीच बसून होती. मग परतीची गाडी धरली.

चुडामणला गाठलं तर तो हात जोडूनच बोलला. "अक्का, मना पोटवर पाय देऊ नको. आबानी तार मी काढी तं या भागमा माले कोनी पानी पाजाव नही."

"मंग कोन काढी?" सुगंधानं विचारलं. चुडामण पिशवी उचलून पुढच्या खांबाकडे निघाला.

त्या सोमवारी दुपारी आबा शेतावर गेलेले पाहून सुगंधानं आईचा अडकित्ता आणला. आयुष्यभर सुपारी कातरलेला, धार अजून उत्तम. भिंतीत शिरणाऱ्या तारेचा जोड तिनं शोधला आणि कच्चकन कापून टाकला. टोकं आत सारून वर चुन्याचं बोट फिरवलं. केबिनच्या तुटक्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी बसवली.

मग काठी घेऊन ती धुरपदाबाईंच्या घरी गेली. "वच्छलाना भाऊना फोन उना व्हता. दहा मिनिटमा परत करी."

ते धडधडीत खोटं होतं. पण गावात एक रीत होती. कुणासाठी बाहेरून फोन आला आणि अक्का बोलवायला आली, की नाही म्हणता येत नसे. शेजारीपाजारी विचारतात. धुरपदाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण निघाल्या. बूथवर येऊन बाहेरच्या बाकावर निवांत बसल्या. त्यांना कसली काळजी? त्यांच्या हिशेबी आत आबा होतेच की ऐकायला.

वच्छला आत शिरताना सुगंधा तिच्या कानाशी पुटपुटली, "आज कट् व्हवाव नही. बोल."

सुगंधानं धुळ्याचा नंबर लावून दिला, दार लावलं आणि धुरपदाबाईंपाशी जाऊन कापसाच्या वेचणीचं विचारत बसली. काचेआड वच्छला आधी नुसती उभी होती, कान देऊन, नेहमीच्या आवाजाची वाट बघत. आवाज आला नाही. मग ती बोलायला लागली. चार मिनिटं बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते आणि चालणं बदललेलं होतं.

"काय म्हने भाऊ?" सासूनं विचारलं.

"बठ्ठं बरं शे म्हने."

गुरुवारी सकाळी निंबा जीप घेऊन आला. बरोबर मामा आणि धुळ्याच्या महिला मंडळातल्या दोन बाया. यावेळी त्यानं मावससासूचं नाव ऐकून घेतलं नाही, सरळ मागच्या खोलीची कडी काढली आणि बहिणीला जीपमध्ये बसवलं. गाव ओट्यांवर उभं राहून पाहत होतं. जीप गेली आणि धूळ बसायच्या आत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, याला कळलं कसं?

आबांनी घरातला रिसीव्हर उचलला. तो मुका होता.

"तार कोनी कापी?" आबा बूथच्या दारात उभे. आवाज चढलेला नव्हता.

"मी कापी, आबा."

"तुले जागा कोनी दिधी?"

"तुम्ही दिधी. जागा तुमनीच शे, आबा. पन बायासनं बोलनं तुमनं नही."

"एक घर मोडं तू. समजनं का? रविवारलोंग सामान उचल."

सुगंधानं केबिनसकट सामान उचललं. गावाच्या टोकाला, एस.टी.च्या थांब्याशेजारी तिचं दोन खणांचं घर होतं. फोन तिथे न्यायच्या परवानगीसाठी पुन्हा तोच जिना, पुन्हा तेच साहेब. महिनाभर बूथ बंद. मिळाली परवानगी. चुडामणनं नवी तार ओढली आणि पाणीसुद्धा न पिता गेला. सुगंधानं केबिनच्या दाराला आतून कडी लावून घेतली आणि आपलं स्टूल अंगणाच्या पार कडेला, लिंबाखाली हलवलं. तिथून काही ऐकू येत नसे. तसं ऐकण्यासारखं काही नव्हतंही, कारण कुणी येतच नव्हतं. 'घरफोडी' हे नाव तिला आता लहान मुलंसुद्धा मागून म्हणत. लोक फोनसाठी दीड कोस चालत शेजारच्या गावी जात होते. सुगंधा रोज काच पुसायची आणि लिंबाखाली बसायची. तिला राग येत नव्हता. राग यायलाही अंगात ताकद लागते.

अशात एका दुपारी आबा आले. तिच्याकडे न पाहता म्हणाले, "शिंदखेडाकडे लावनं शे. लताले."

लता ही त्यांची एकुलती एक मुलगी, दोन वर्षांपूर्वी शिंदखेडा तालुक्यात मोठ्या घरात दिलेली. त्या घरी फोन होता. तार कापल्यापासून आबांचं तिच्याशी बोलणं तुटलं, त्याला दीड महिना होत आला होता. सुगंधानं नंबर लावला आणि लिंबाखाली जाऊन बसली.

काचेआड आबा हसले. काही तरी विचारलं. मग त्यांचं हसू थांबलं, ते रिसीव्हरवर वाकून ऐकायला लागले. आणि एकदम ताठ झाले. रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. तो चेहरा सुगंधानं आधी पाहिला होता. त्याच काचेआड, वच्छलाचा.

आबा बाहेर आले आणि बाकावर बसले.

"पहिले रडी ऱ्हायंती. मंग कट् व्हयनं. मंग म्हनी, बठ्ठं बरं शे, बाबा."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी किती सुनांच्या तोंडून ऐकलं होतं? कोनाड्याशी बसून, शांतपणे, आणि प्रत्येक वेळी समाधानानं रिसीव्हर खाली ठेवून? सुगंधाच्या ओठांवर हा प्रश्न आला होता. तो विचारायचा तिला हक्क होता. पण समोरचा म्हातारा अंगातलं सगळं ओसरल्यासारखा बसला होता आणि ती स्वतःही फार दमलेली होती.

"सकाळे सहाले धुळानी गाडी शे, आबा," ती म्हणाली. "तठून शिंदखेडा."

"तठे जाईसन काय पुसू? घरभर लोके ऱ्हातीन."

"तठे पुसूच नका. लई या तिले. आठे पुसा."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता आबा थांब्यावर होते, खांद्यावर पिशवी. गाडी आली. आबा चढले, खिडकीशी बसले आणि सुगंधा दारात उभी आहे हे पाहून त्यांनी काच सरकवली.

"अक्का, ती वच्छला... बरी शे का?"

वच्छला गेल्यापासून गावात हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. तिचा सासरा नाही, नवरा नाही, त्या गुरुवारी ओट्यावर उभ्या असलेल्यांपैकी एकही नाही.

"माले काय मालूम, आबा? मी कोनंच आयकत नही आते," सुगंधा म्हणाली. "तिलेच पुसा. नंबर देस मी."

कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली. आबांनी घाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि सुगंधा काठी टेकत, जमेल तेवढ्या वेगानं, निंबाच्या दुकानाचा नंबर लिहिलेला कागदाचा तुकडा घेऊन गाडीकडे निघाली.