टाळलेला घास

अपत्याच्या व्याधीचे मूळ आईच्या ताटात शोधण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती वरकरणी वाटते तितकी क्रूर नाही; दुःखाला कारण सापडले की ते सोसवते, या भाबड्या श्रद्धेतून ती जन्मली आहे. परंतु हा शोध जिच्यापाशी येऊन थांबतो, त्या मातेपुढे क्वचित असा प्रसंग उभा राहतो, की तिचे निर्दोषत्व सिद्ध व्हायचे तर तिच्याच दुसऱ्या लेकराला रोगी ठरावे लागते. अशा वेळी तिने कशाची इच्छा धरावी, हे सांगण्याचे धैर्य कोणत्याही शहाण्याने करू नये.

अशी एक माता शेंगदाण्याचे लोणी करणाऱ्या कारखान्यात चव पाहण्याचे काम करीत असे. पांढऱ्या फरशीची लहानशी खोली, भिंतीलगत लांब टेबल, आणि प्रत्येकीपुढे कोमट पाण्याचा पेला व थुंकण्यासाठी स्टीलचे भांडे. प्रत्येक घाण्याचा नमुना चमच्यावर येई. तो जिभेवर फिरवायचा, करपट आहे की कच्चट ते सांगायचे आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. कारण भरल्या पोटी जीभ खोटे बोलते. पहिल्या गरोदरपणात मात्र तिच्याकडून तो नियम पाळला गेला नाही. भूकच तशी लागे. शेजारी बसणाऱ्या जुन्या बाई तिच्या भांड्यात डोकावून म्हणत, "अगं, हे तर कोरडं ठणठणीत! तुझं बाळ जन्माआधीच कारखान्याचं दिवाळं काढणार."

"आतून मागतंय, बाई. मी काय करू?" असे म्हणून ती पुढचा चमचाही गिळत असे.

मुलगी झाली. सतत काही ना काही गोळा करीत हिंडे, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणू लागले. वर्षाची होण्याआधीच तिने जमिनीवर पडलेला एक दाणा उचलून चावला, आणि पाहता पाहता तिचे ओठ सुजले, श्वास घुसमटला. इंजेक्शन वेळेवर मिळाले म्हणून ती वाचली. तेव्हापासून दाणा हा त्या घराचा वैरी झाला. मुंगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिला जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी वेगळे बाक मिळाले. त्यावर ती एकटीच बसे.

सासूबाईंना कारण शोधावे लागले नाही. "नऊ महिने दाणेच रिचवलेस," त्या म्हणाल्या. "लेकरू बिचारं काय करील? पेरलं तेच उगवलं."

नवरा लिफ्टी दुरुस्त करीत असे. त्याची भाषा मऊ होती, अर्थ मात्र तोच. "बिघाड आहे म्हणजे कारण असणारच. उगाच काही बंद पडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी निराळे सांगितले. "आईनं गरोदरपणात काय खाल्लं यावरून हे ठरतं, असं ठामपणे म्हणता येत नाही. मनाला लावून घेऊ नका." पण 'म्हणता येत नाही' एवढ्या आधारावर कोणाची सुटका होत नसते. सासूबाईंचे वाक्य छोटे होते, आणि त्यात शंका नव्हती. तिने तेच खरे मानले.

पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तिने चव पाहण्याची खोली सोडून खोकी चिकटवण्याच्या विभागात बदली मागून घेतली. टाळण्याची गरज नाही, सगळे खा, असे डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बजावले. तिने ऐकले नाही. कारखान्यातून आली की आधी कपडे बदली, मगच पाण्याला हात लावी. सासूबाई प्रत्येक पुड्यावरची बारीक अक्षरे चष्मा सरसावून वाचून घेत. त्या दोघींचे कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झाले होते.

मुलगा झाला. गुबगुबीत, मिटल्या डोळ्यांनी घुरघुरणारा. मुंगीनेच त्याचे नाव बोका ठेवले. चौथ्या महिन्यात त्याच्या गालांवर, कोपरांत इसब उठले आणि हटेना. दाणे चाखवण्यापूर्वी तपासणी करून घेऊ, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखान्याकडे जाताना, मांडीवरच्या बोक्याची मान सावरीत असता, तिला एकाएकी उमगले. बोका निरोगी निघाला, तर टाळल्याने साधले असेच सारे म्हणतील. मग मुंगीचा श्वास आपणच कोंडला. तो रोगी निघाला, तर आपण निर्दोष. तिने मनातल्या मनात हात जोडले. परंतु काय मागावे हे न सुचल्याने ते तसेच सोडून दिले.

बोक्याला तिच्या मांडीवर पालथे घातले. नर्सने त्याच्या पाठीवर निरनिराळ्या खाद्यपदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवले आणि प्रत्येकातून हलकेच टोचले. तो एकदा किंचाळला, मग आईची बोटे चोखू लागला. बाजूच्या खुर्चीत सासूबाई. त्यांच्यापलीकडे पाय हलवीत बसलेली मुंगी. बाकीच्या खुणा विरत चालल्या. दाण्याच्या थेंबाखालची त्वचा मात्र आधी लाल झाली, मग डास चावावा तशी फुगली, आणि फुगतच राहिली.

तिने दीर्घ श्वास सोडला. पाच वर्षे ताठरलेले तिचे खांदे खाली आले, आणि क्षणभर मुखावर काहीतरी उमटून गेले.

"हसलीस?" सासूबाई अगदी हळू म्हणाल्या.

"नाही, आई."

"मी पाहिलं ना." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी बोलले ते चुकलं म्हणायचं. सुटलीस तू. पण असं गं कसं सुटायचं, बाई?"

इतरांच्या आरोपातून ती त्या घटकेला मुक्त झाली होती. पण आपल्या मुलाच्या पाठीवर उठलेली गांधी पाहून आपल्याला हायसे वाटले, हे जाणणारी ती स्वतः तिथेच बसली होती. त्या आरोपाला साक्षीदार नको होता आणि त्यावर औषधही नव्हते.

खुणेचे माप घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी मोठी आहे म्हणजे दाणे द्यायचे नाहीत. इंजेक्शन कायम जवळ ठेवा." कशामुळे, हे त्यांनाही सांगता येईना. तिने नवऱ्याला फोन लावला. निकाल ऐकून तो प्रामाणिकपणे म्हणाला, "या खेपेला एक दाणा खाल्ला नाहीस... मग न खाल्ल्यानंच झालं असेल का गं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मुंगी खुर्चीवरून उतरून जवळ आली होती. "बोक्यालापण दाणे चालत नाहीत?"

"नाही गं राणी."

"कधीच नाही?"

"बहुतेक कधीच नाही."

"म्हणजे शाळेत आला की तो माझ्याच बाकावर बसणार!" मुंगीने टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी तिला दटावायला हात उचलला, आणि तो तसाच तिच्या केसांवर ठेवला. आई मात्र मुलीच्या मुद्रेकडे पाहत राहिली. मघाचाच तो आनंद होता. फक्त हिला तो शोभत होता.

मग तिने बोक्याला उताणे केले, अंगरखा घातला, बंद बांधले.

त्या दोन्ही लेकरांचा प्रत्येक घास निर्विघ्न उतरो. जाब विचारणाऱ्यांची वाणी शांत होवो. आणि त्या मातेला, जिला क्षमा करू शकणारे दुसरे कोणीच नाही, ती क्षमा एखाद्या दिवशी स्वतःच्याच हातून मिळो.