फोटोपुरते बदाम

माझ्या नणंदेच्या यजमानांनी आजवर एकाही हॉटेलला चार तारे दिलेले नाहीत. पाच दिले की जेवण फुकट पडतं आणि चार दिले की बिल येतं, एवढं साधं शास्त्र आहे त्यामागे. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात पंचतारे म्हणते. तोंडावर अर्थातच ‘भाऊजी’.

नोकरी सांभाळून पंचतारे फोनवर प्रवासाचं एक पान चालवतात. यंदा त्यांनी डोंगरातलं हे राष्ट्रीय उद्यान हाती घेतलं होतं. काय पाहाल, काय कराल, कुठे खाल. माझा नवरा लगेच म्हणाला, “ताईबरोबरच जाऊ. भाऊजींना सगळं माहीत असतं.”

सगळं माहीत असलेले हे गृहस्थ धबधब्यापाशी गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. बायकोच्या हातात फोन देऊन तिला खाली पिटाळलं, आपण हीटर लावून बसले आणि लिहिलं, ‘ते तुषार अंगावर झेलताना मी मला विसरलो.’ बायकोलाही विसरले होते. ती चिंब भिजून काच ठोठावत होती आणि हे आत बसून, वाक्याला एक उद्गारचिन्ह पुरे की दोन, या चिंतेत. काचेच्या पुलावर डोळे मिटून रेलिंगला घोरपडीसारखे चिकटले, फोटोत मात्र हात पसरून उभे. आता आमच्या ताई पण अशा, की ओल्या स्वेटरनिशी शिंकत शिंकत म्हणतात, “यांची नजरच वेगळी आहे गं.”

नजरेशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्यांच्या डबीशी होतं.

औषधाच्या गोळ्यांची असते तेवढी पत्र्याची डबी त्यांच्या जाकिटाच्या खिशात कायम असायची. तिच्यात सुकवलेली हिरवी पानं, तीळ आणि बदामाचे काप. कुठल्याही पदार्थाचा फोटो काढायच्या आधी त्यावर हे चिमूटभर भुरभुरायचं. का, तर नुसता पदार्थ ‘मेलेला दिसतो’. अंड्यावर बदाम, लोण्यावर बदाम, एकदा तर कॉफीवर तीळ. आणि फोटो निघेपर्यंत टेबलावर कुणी चमचा हलवायचा नाही. त्या तीन दिवसांत आम्ही एक घास गरम खाल्ला नाही.

आता माझी बबडी. चार वर्षांची. बदाम, अक्रोड, काजू यातलं काहीही तिच्या पोटात गेलं तर तिचे ओठ सुजतात आणि घसा बंद होत जातो. एका वाढदिवसाला कुणाच्या तरी हातच्या बिस्किटाने तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावायची वेळ आली होती. तेव्हापासून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत इंजेक्शन असतं आणि माझे डोळे सगळ्यांच्या हातांवर असतात. निघायच्या आदल्या दिवशी मी दोघांना पुन्हा एकदा नीट बसवून हे सांगितलं होतं.

“आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही,” ताई म्हणाल्या. “माती खाऊन वाढलो आम्ही.”

“माती चालते तिला, ताई. बदाम चालत नाहीत.”

“वहिनी, तुम्ही फार वाचता,” पंचतारे हसून म्हणाले. “मी लक्षात ठेवीन. शब्द देतो.”

शब्द द्यायला यांचं जातं काय! रोजच देतात, दोनशे-दोनशे.

शेवटच्या दिवशी दुपारी रोपवेच्या पायथ्याशी असलेल्या खानावळीत शिरलो. लाकडी बाकं, वाफेने धुरकटलेल्या खिडक्या, खुंट्यांवर ओले कोट. बबडी भुकेने रडवेली झाली होती. मी सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले. आचारी आडदांड, कपाळावर कायमची आठी.

“मुलीसाठी बटाट्याचं सूप हवंय. बदाम, अक्रोड, काजू कशाचाही स्पर्श नको. ॲलर्जी आहे. नुसता लागला तरी—”

“बाई, बटाटा, दूध, मीठ. चौथं काही नाही.”

“पातेलं?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईबद्दल काही विचारलं होतं. मग पातेलं माझ्यासमोर घासलं. जरा जास्तच आवाज करत घासलं, पण घासलं. चमचाही धुऊन घेतला. मला तेवढंच हवं होतं. हसऱ्या माणसांकडून मी काही कमी सोसलेलं नाही.

सूप आलं. निळ्या काठाचा वाडगा, काठावर एक टवका उडालेला. असा वाडगा टेबलावर तोच एक. मी म्हटलं, “कुणी हात लावू नका, हिचे हात धुऊन आणते,” आणि बबडीला घेऊन मागच्या बेसिनपाशी गेले.

हात धुऊन होतात न होतात तोच ती सुटली आणि टेबलाकडे पळाली. मी रुमाल शोधत होते. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पंचतारेंच्या पानावर काही आलं की माझा फोन वाजतो. घरातल्यांनी तेवढं तरी करावं म्हणून ताईंनी स्वतःच्या हाताने ती सोय करून दिली होती. सवयीने पाहिलं. ‘पर्वताच्या पायथ्याशी मायेची ऊब!!’ खाली सूप. वर बदामाचे काप, फुलासारखे मांडलेले.

निळा काठ. टवका.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. नवरा म्हणतो, सगळी खानावळ वळून पाहत होती. मी बाकांमधून धावले. एक खुर्ची आडवी पडली. बबडी आत्याच्या मांडीवर, तोंड उघडून, आणि ताई चमच्यावर फुंकर घालत होत्या. मी तो चमचा हाताने उडवला.

“अगं ए! वेड लागलं का तुला?” ताईंच्या स्वेटरवर सूप ओघळत होतं.

“खाल्लं का हिने? एक तरी घास दिला का?”

“हा पहिलाच होता. अगं, पण झालं काय?”

मी बबडीचं तोंड उघडायला लावून पाहिलं, ओठ निरखले. काही नव्हतं. मग पंचतारेंकडे वळले. डबी त्यांच्या कोपराशी उघडी होती.

“तुम्ही यात बदाम घातले?”

“घातले म्हणजे काय, वहिनी... फोटोपुरते.” ते समजावणीच्या सुरात म्हणाले, जणू चक्रम मीच. “काढले ना लगेच! एकूण एक वेचून काढले. तुमचं सांगितलेलं माझ्या लक्षात होतं.”

लक्षात होतं म्हणे! म्हणजे विष घालून झाल्यावर गाळून घेण्याइतपत काळजी घेतली होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. अशा वेळी त्याचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘जाऊ दे ना, त्यांचा हेतू वाईट नव्हता.’ ते वाक्य त्याच्या ओठांवर आलेलंही दिसलं मला. मग त्याने वाडगा पुढे ओढला आणि चमचा तळाशी फिरवून वर आणला. चमच्यात एक पांढरट काप होता. मऊ झालेला, मासोळीच्या खवल्याएवढा.

त्याने तो पंचतारेंच्या ताटाच्या कडेला ठेवला. “एक राहिला, भाऊजी,” म्हणाला.

पंचतारे नॅपकिनने मिशी पुसत राहिले. माफी मागतील असं क्षणभर वाटलं मला. इतकी कशी मी भोळी! त्यांनी फोन उचलला.

“एक काम करतो. पोस्टमध्ये ओळ टाकतो, ॲलर्जी असलेल्यांनी इथे जपून. स्वयंपाकघरात हवी तितकी काळजी घेत नाहीत.”

“स्वयंपाकघरात?” मी विचारलं.

“मग काय लिहू? मी घातले म्हणून लिहू?”

“अगं, यांचं पान हजारो लोक बघतात,” ताई स्वेटर पुसत कळवळून म्हणाल्या.

नवरा म्हणाला, “भाऊजी, ती पोस्ट काढून टाका. आत्ता. नाहीतर खाली मी लिहितो काय झालं ते.”

पंचतारेंनी पोस्ट काढली. चेहरा असा, की कुणी त्यांचा दात उपटत होतं. मग रोपवेची वेळ झाली म्हणत दोघं कोट चढवायला उठले. ‘मूड गेला’ हे जाता जाता ऐकू आलंच.

मी एका हातात बबडी उचलली, दुसऱ्या हाताने टेबलावरून आणखी एक वस्तू उचलली आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

आचाऱ्याची आठी खोल गेली. “आता काय? मी काही घातलं नव्हतं.”

“तुम्ही नाही. आमच्यातल्यानेच वर बदाम टाकले. फोटोसाठी.”

त्याला ते समजायला जरा वेळ लागला. “खायच्या सूपावर?”

“हो.”

त्याने पातेलं घेतलं आणि या वेळी न सांगता घासलं. बबडीला बटाट्याच्या उलट्या क्रेटवर बसवलं. “इथंच भरवा. बाहेर नेऊच नका.” वाडगा माझ्या हातात देताना, काय सवय असेल, म्हणाला, “वर काही घालू?”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की तो मागे सरकला. बबडी खुदकन हसली.

सूप गरम होतं. खरंखुरं गरम, फुंकर घालावी लागेल इतकं. नवरा पिशवी सांभाळत दाराला टेकून उभा राहिला. मी हात धुऊन पहिला चमचा भरवला, तिच्या ओठांकडे बघत राहिले. दुसरा. तिसरा. माझा श्वास हळूहळू जागेवर आला.

सालींची बादली माझ्या पायापाशीच होती. पत्रा बटाट्याच्या सालींवर पडला तर फारसा आवाज येत नाही.

बाहेरून ताईंची हाक आली, “अगं, हे सगळे खिसे उलटे करून बसलेत. यांची डबी पाहिलीस का कुठे?”

“पाहिली की,” मी म्हटलं, आणि बबडीला पुढचा घास दिला.