चिठ्ठीखालचं हिरवं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूलच करून टाकतो. मी भारी जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या घड्या दुखतात. नकाशे मुके असतात, म्हणून आजवर हे कुणाला कळलं नाही इतकंच.

माझा जन्म नगररचना कार्यालयातल्या एका तिरप्या टेबलावर झाला. घरं कुठे बांधायची, कारखाने कुठे, शाळा कुठे आणि कुठे मुळीच काही बांधायचं नाही, हे तिथे कागदावर ठरतं. आमचा मुलूख दाटीवाटीचा. दोन शहरं समोरासमोर वसलेली आणि दोन्ही वाढत्या अंगाची. दरवर्षी दोघं एकमेकांकडे सरकत होती. मध्ये एकच लांबट माळ उरला होता. गुडघाभर गवत, कडेला थोडी शेतं आणि मधोमध एक पाणथळ. त्या वेळचे मोठे साहेब म्हणत की दोन घरांमध्ये जसं अंगण लागतं, तसा दोन शहरांमध्ये माळ लागतो. तिथे पाऊस मुरतो म्हणून इथल्या विहिरींना पाणी राहतं, आणि तिथे वारा मोकळा होतो म्हणून इथल्या खिडक्या उघडाव्याशा वाटतात. तो माळ कायमचा मोकळा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ते कागदावर उतरवायला आरेखकबाईंना सांगितलं.

आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. कार्यालयात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. जाड भिंगांचा चष्मा आणि मधल्या बोटावर शाईचा न जाणारा डाग. नकाशात घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा आणि मोकळ्या जागेला हिरवा, अशी कार्यालयाची रीत होती. पिवळ्याच्या बाटल्या भराभर संपायच्या. हिरवी बाटली मात्र कपाटात पडून पडून वाळली होती आणि रंगाचा खडा झाला होता. तिची गरजच कधी पडत नसे. नवी बाटली यायला महिना लागला असता आणि साहेबांना नकाशा आठवड्यात हवा होता. मग बाईंनी आपली युक्ती काढली. पट्ट्यावर आधी पिवळा हात दिला, तो सुकू दिला आणि वरून निळा हात फिरवला. कुंचला चालवताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या.

पिवळ्यावर निळं, निळ्याखाली ऊन,
हिरवं गं रान माझं आलं उमलून.

आणि खरंच उमललं, मित्रांनो. बाटलीतल्या हिरव्यापेक्षा कितीतरी जिवंत. आतून उजेड येतोय असं वाटे.

पण ते गाणं माझ्यासाठी नव्हतं. टेबलावर आम्ही दोघं होतो. एकाच मापाचे, एकाच रेषांचे जुळे. आधी तो रंगला, मग मी. त्याच्यासाठी ताजा कुंचला होता, माझ्या वाट्याला दमलेला हात आला. त्याच्यावर साहेबांनी सही केली, लाल शिक्का उमटवला आणि तो अस्सल ठरला. मी त्याची नक्कल. त्याला रुंद लाकडी खणात मऊ फडक्यावर निजवलं. मला दालनाच्या भिंतीवर चार कोपऱ्यांत ठोकलं. त्याला शिक्का, मला खिळे. माझ्या मत्सराची सुरुवात ही अशी झाली.

सुरुवातीचे दिवस तसे मजेत गेले. लोक कामाला येत आणि माझ्यावर बोटं ठेवून आपलं घर शोधत. कुणी आपली गल्ली सापडली म्हणून लहान मुलासारखा हसे. पण बोटांचे डाग पडू लागले, तेव्हा शिपाईकाकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलं, खळ शिजवली आणि ती चिठ्ठी माझ्या हिरव्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर चिकटवून टाकली.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो काका, लावून लावून नेमकी इथेच?"

"मग कुठे लावू? बाकी सगळीकडे काहीतरी आहे. इथे तर काहीच नाही."

"तेच तर जपायचंय," बाई म्हणाल्या आणि हसत निघून गेल्या. चिठ्ठी तशीच राहिली. भावाच्या अंगावर साहेबांचा शिक्का आणि माझ्या छातीवर शिपायाची चिठ्ठी! तुम्हीच सांगा, मी जळू नको तर काय करू?

दर महिन्याला बाई तो खण उघडत. कापसाच्या फडक्याने भावाला हलक्या हाताने पुसत आणि कसर लागली नाही ना ते बघत. मी समोरून सगळं पाहत असे. माझ्यावरची धूळ झटकायला पिसांचा झाडू होता, तोही पंख्याच्या पात्यांसाठी आणलेला.

भावाचं एक सोसलं असतं. पण मला त्या माळाचाही हेवा वाटे. हो, ज्याचं चित्र मी अंगावर घेऊन उभा होतो, त्या माळाचा. सुट्टीच्या दिवशी बाई आपल्या चिमुकल्या भाचीला घेऊन तिकडे जात. दुसऱ्या दिवशी कामाला आल्या की पायमोज्यांना कुसळं चिकटलेली असत. टेबलाशी बसून एकेक उपटत त्या शिपाईकाकांना सांगत, पाणथळात लांब पायांचे पक्षी उतरलेत, भाचीने मोजायचा प्रयत्न केला आणि बोटं संपली म्हणून ती रडली. सांगता सांगता त्यांची नजर माझ्याकडे वळे, पण माझ्यावर थांबत नसे. काचेतून पलीकडे पाहावं तशी ती माझ्यातून आरपार जाई. त्यांना मी दिसतच नसे, तो दिसे. रेघन्‌रेघ माझी आणि जीव मात्र त्याच्यावर.

माझ्या समोर पश्चिमेची खिडकी होती. तिच्या पडद्याची दोरी तुटली. शिपाईकाकांनी एकदा गाठ मारली, ती सुटली आणि पुढे ते राहूनच गेलं. रोज दुपारी ऊन माझ्या अंगावर येऊन बसे. मला आधी बरं वाटलं. निदान कुणीतरी रोज भेटायला येतंय! पण ते पाहुणं हातचलाख निघालं. दरवर्षी माझ्यातला निळा चिमूट चिमूट काढून नेऊ लागलं. बाईंची बदली तोवर वरच्या मजल्यावर झाली होती आणि बाकी कुणाला बघायला वेळ नव्हता.

मग संगणक आले. तिरपं टेबल अडगळीत गेलं. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी खाली आल्या, त्या खणापाशी उभ्या राहिल्या आणि लाकडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे आल्या. हात उचलला. समोर चिठ्ठी होती, 'हात लावू नये'. त्यांनी हसून हात मागे घेतला आणि गेल्या. त्या दिवशी मी त्या चिठ्ठीला जे काही म्हटलं, ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

वर्षं गेली. एके दिवशी एक बिल्डर आला. त्याला माळावर एक आख्खं नवं गाव उभारायचं होतं. उंच इमारती, दुकानं, गाड्यांसाठी तळघरं. आताचे साहेब नवे होते, माणूस सरळ पण कामात बुडालेला. त्यांनी जुना अहवाल काढला. त्यात माळाबद्दल एकच ओळ होती: 'नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली जागा मोकळी ठेवावी.' मग सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बघा की साहेब," बिल्डर म्हणाला, "कुठे आहे हिरवं? दोन्ही शहरं पिवळी आणि मधला पट्टाही पिवळाच. म्हणजे घरांचीच जागा. मी मागतोय ते तुमच्या भिंतीवरच आहे."

साहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. पिवळंच होतं. निळा उन्हाने नेला होता आणि खालचं ऊन तेवढं उरलं होतं. येत्या सोमवारी परवानगीवर सही करू, असं ठरलं. बिल्डरच्या माणसाने शिडी आणून माझे फोटो काढले.

आता खरं सांगतो, मित्रांनो, लाज वाटते पण सांगतो. मला आनंद झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या शब्दाला किंमत आली होती. खणातल्या अस्सलाला कुणी विचारलं नाही, नकलेला विचारलं. आणि तो माळ? जाऊ दे की! तो गेला तर बाईंना आठवायला मी एकटाच उरेन, असं माझ्या जळक्या मनात आलं.

सही होण्याआधी मला संगणकात उतरवायचं काम एका तरुण नियोजकबाईंकडे आलं. ही तीच भाची, जिची बोटं पक्षी मोजताना संपली होती. आता ती याच कार्यालयात नोकरीला होती. तिने माझी एकेक रेष उतरवली आणि शेवटी खालच्या कोपऱ्यातली रंगांची सूची बघायला तिच्या आड आलेलं कपाट सरकवलं. कपाटाच्या सावलीत तिथे कधी ऊन पोचलं नव्हतं. सूचीत तीन चौकोन होते. पिवळा, जांभळा आणि गर्द हिरवा.

"काका," ती म्हातारे झालेल्या शिपाईकाकांना म्हणाली, "सूचीत हिरवा आहे, मग नकाशात कुठेच कसा नाही?"

"उडाला असेल," काका म्हणाले. "माझे केस नाही का उडाले?"

ती हसली नाही. चौकोनाकडे बघत राहिली आणि तिच्या ओठांवर लहानपणी मावशीकडून ऐकलेलं गाणं आलं. पिवळ्यावर निळं, निळ्याखाली ऊन... दुसऱ्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. तिने मावशीला फोन लावला.

सोमवारी सकाळी बाई आल्या. केस पांढरे झाले होते, बोटावरचा डाग तसाच होता. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. हिरव्या बाटलीची वाट न बघता मी पिवळ्यावर निळं मारलं. निळा कच्चा निघाला." अस्सल नकाशा खणात आहे, तो काढा, एवढं बोलून त्या खणाकडे वळल्या. मी आतल्या आत पेटलो. शेवटी त्याचाच मान!

खण फुगून बसला होता. भाचीने आणि काकांनी मिळून ओढला, तेव्हा धाडकन उघडला. आत वाळवीची माती होती. माझा भाऊ नव्हता. मऊ फडक्याच्या चिंध्यांत लाल शिक्क्याचा नखाएवढा तुकडा तेवढा उरला होता. त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून बंद ठेवलं होतं, आणि बंद होता म्हणून बाईंच्या मागे कुणाचीच नजर त्याच्यावर गेली नाही. ज्याचा मी जन्मभर हेवा केला, तो कधी संपला हेही मला कळलं नव्हतं.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे," बिल्डर म्हणाला, "पण आठवणीवर परवानग्या अडत नाहीत."

साहेब हळूच म्हणाले, "मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागेल हो."

बाई परत माझ्याकडे आल्या. या वेळी नजर आरपार गेली नाही. ती माझ्या डागांवरून फिरली, खिळ्यांच्या गंजावरून, भेगांवरून, आणि चिठ्ठीवर थांबली.

"काका, ही तीच ना, पहिली?"

"तुम्ही ओरडला होतात तेव्हाचीच. तेव्हापासून काढलेली नाही, शप्पथ."

बाईंनी कोमट पाणी मागितलं. ओला बोळा चिठ्ठीवर धरून ठेवला. खळ सुटायला वेळ लागला. मग एका कोपऱ्याला नख लावून त्यांनी चिठ्ठी अलगद सोलली.

खाली हिरवं होतं. तळहाताएवढं, ओलं, काल रंगवल्यासारखं. पिवळ्या उजाड अंगावर एक गवताचा तुकडा. तीस वर्षं ज्या चिठ्ठीला मी शिव्या दिल्या, तिने तेवढी जागा उन्हापासून छातीशी धरून ठेवली होती.

"एवढाच तुकडा असेल हिरवा," बिल्डर पुटपुटला.

साहेबांनी वाकून पट्ट्याची कड बोटाने गिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आत कुठे रेष आहे का? नाही. एका रेषेच्या आत रंग एकच असतो." त्यांनी तो हिरवा आणि सूचीतला हिरवा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. मग परवानगीचा कागद मिटला आणि अर्ज नामंजूर, असं लिहायला सांगितलं.

बाईंनी आपला तळहात त्या हिरव्यावर ठेवला. 'हात लावू नये' म्हणणारं आता तिथे कुणी नव्हतं. 

माझा स्वभाव पालटला असं मात्र समजू नका. आता मी खणात असतो. भाची दर महिन्याला खण उघडते, मला वारा देते, पुसते. भिंतीवर तिने काढलेला नवा नकाशा आहे, पक्क्या हिरव्याचा. खिडकीला नवा पडदा आहे. शाळेतली मुलं येतात ती त्याच्यापुढे उभी राहतात आणि मी अंधारात पडल्या पडल्या थोडासा जळतो. फक्त माळाचा हेवा आता वाटत नाही. बाईंचा हात माझ्यावर होता, पण त्यांचे डोळे भरून आले ते त्याच्यासाठी, आणि त्या दिवशी मला ते अजिबात खुपलं नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. मोकळी जागा राखायची असं कुणी एकदा ठरवलं, म्हणून ती आपोआप राहत नाही. रंग उडतो, कागदाला वाळवी लागते, पडद्याची दोरी तुटते. मधूनमधून कुणीतरी जाऊन बघावं लागतं. तिथे काहीच नाही असं कुणी म्हणालं, तर जरा वाकून नीट बघा. मला हात लावू नका, मी आता फार जीर्ण झालोय. पण माळावर जरूर जाऊन या, आणि येताना पायमोज्यांना कुसळं घेऊन या.