मुठीतला काळा स्पंज

मित्रांनो, मी एक जुना, काळपट स्पंज आहे. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. पण एकदा माझ्या पोटात काय दडले होते ते आधी ऐका.

मूळचा मी एका भिंतीवरच्या घड्याळाच्या खोक्यातला. काच फुटू नये म्हणून मला कोपऱ्यात ठासले होते. घड्याळ भिंतीवर गेले आणि मी घड्याळजींच्या टेबलाखाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! तिथून मला उचलले त्यांच्या मुलीने. ती एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

घरात माशांची टाकी होती. मासे बाबांचे, म्हणजे घड्याळजींचे, निळ्या पट्ट्यांचे, दिसायला देखणे आणि खायला हावरे. भिंगरीने वाढदिवसाला हट्ट करून पाच लाल कोळंब्या आणवल्या. बोटाच्या पेराएवढ्या त्या कोळंब्या दिवसभर शेवाळ खुरपत. एकीच्या पोटाखाली अंडी दिसली आणि बापलेकीत जुंपली.

"मासे आणि कोळंब्या एकत्र म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या," बाबा म्हणाले. "एक पिल्लू वाचायचं नाही, मग तू रडत बसणार. त्यापेक्षा दुकानात परत देऊ."

"आणि वाचलं तर?"

"महिन्याभरात एक जरी दाखवलंस, तर राहू देत सगळ्या."

टाकीतला फिल्टर पाणी जोरात ओढतो. पिल्ले त्यात जाऊ नयेत म्हणून भिंगरीने मला कापून त्याच्या तोंडावर दोऱ्याने बांधले. मला पुन्हा काम मिळाले.

एके सकाळी अंडी फुटली. तिळाहून बारीक पिल्ले पाण्यात सुटली आणि मासे तुटून पडले. मला फार वाईट वाटले, पण बांधलेला मी काय करणार? काही पिल्ले मात्र प्रवाहाबरोबर माझ्याकडे आली आणि माझ्या भोकांत शिरली. मी त्यांना धरून ठेवले. भिंगरी रोज बॅटरी घेऊन टाकी धुंडाळायची आणि हिरमुसून जायची. "अगं, माझ्यात बघ!" असे ओरडावेसे वाटे. पण स्पंजाला कुठले तोंड?

मुदतीचा शेवटचा रविवार उजाडला. कोळंब्या न्यायची पिशवी तयार होती. भिंगरी शिकवणीला गेली होती.

"अहो, कोळंब्या जायच्याच आहेत, तर तो काळा गोळाही धुऊन टाका," आई म्हणाली. "बघवत नाही."

बाबांनी दोरा कापला, मला बेसिनपाशी नेले, नळ सोडला आणि मूठ आवळली. काळे पाणी भसकन खाली गेले. त्यांनी मूठ सैल केली आणि पुन्हा आवळणार, एवढ्यात पांढऱ्या बेसिनवर एक ठिपका हलला.

बारीक स्क्रू पडला की जागचे हलायचे नाही, हा घड्याळजींचा जन्माचा नियम. ते थबकले. नळ बंद केला. खिशातले भिंग डोळ्याला लावले. ठिपक्याला पाय होते.

"वाटी आण, पटकन! टाकीतलं पाणी घाल, नळाचं नको!"

त्यांनी मला वाटीत अलगद हलवले. एक, दोन, करत सात पिल्ले बाहेर आली.

भिंगरी परतली, वाटीत डोकावली आणि उडीच मारली. "जिंकले मी! स्पंजात होती होय? एवढीच होती?"

बाबा हो म्हणू शकले असते. त्यांनी भिंग काढले.

"माहीत नाही गं. आधी एकदा पिळला मी. नळाखाली."

ती बेसिनच्या जाळीकडे बघत राहिली. मग तिने मला उचलले आणि नवा दोरा बाबांपुढे धरला. "गाठ तुम्ही मारा. माझी सुटते."

आता टाकीत लालच लाल आहे. मी फाटलोय, पण अजून कामावर आहे. दर रविवारी बाबा मला टाकीच्याच पाण्यात धुतात, तेही भिंग लावून. मित्रांनो, तुम्हीही एखादी गोष्ट मळकी म्हणून पिळण्याआधी तिच्यात एकदा डोकावून बघा. सात पिल्ले वाचली, हे या घरात सगळे कौतुकाने सांगतात. किती गेली, ते फक्त मला माहीत आहे.