वरदाची सरासरी

क्लबने वरदाला टीममधून काढलं, हे उल्हासच्या जिवाला फार लागलं. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या मराठी घरातली आपली पोरगी बेसबॉल खेळते याचं सुरुवातीला त्याला हसू यायचं. पण सहा सीझन तो प्रत्येक मॅचला जाऊन बसला, आणि पोरीपेक्षा त्यालाच त्या खेळाचं वेड लागलं. रिटायर झाल्यावर तर त्याला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"नीनाला मी आकडेच दाखवतो," तो बायकोला, सुप्रभाला म्हणाला. नीना म्हणजे वरदाची कोच. "सहा वर्षांत शंभरातल्या एकोणतीस वेळा हिट मारलाय हिने. अख्ख्या लीगची सरासरी पंचवीस. सरासरीच्या वर असलेल्या पोरीला कोणी काढतं का?"

सुप्रभा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. बूट काढता काढता तिने विचारलं, "हे सगळं एकत्र धरून झालं. वर्षावर्षाचं काय?"

उल्हासने वर्षं वेगळी केली. पहिल्या वर्षी अडतीस. मग सदतीस, चौतीस, एकोणतीस, बावीस. यंदा चौदा. लीग मात्र दरवर्षी पंचविशीच्या आसपासच होती. एकटी त्याची पोर खाली घसरत होती.

"दमली असेल गं," तो चाचरत म्हणाला. "दुपारच्या मॅचला अजून छान खेळते. संध्याकाळी दिवे लागले की मात्र बॉल दिसतच नाही जणू."

सुप्रभाचा हात थांबला. "कधीपासून?"

"असतील दोन-तीन वर्षं. का?"

"उल्हास, दत्तूकाका."

दत्तू सुप्रभाचा काका आणि उल्हासचा मामा. उल्हास आणि सुप्रभा आतेमामेभावंडं, लग्न घरातल्या घरात ठरलेलं. दत्तू आधी रात्रीचा ठेचकाळायला लागला, मग त्याला बाजूचं दिसेना, आणि पंचेचाळिशीत हातात काठी आली.

"काहीतरीच बोलू नकोस!" उल्हास ओरडला.

रविवारी वरदा वेम्बलीहून जेवायला आली. ट्रेनने आली. पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी विकली, असं तिने वर्षापूर्वी सांगितलं होतं आणि दोघांनी ते खरं मानलं होतं. पहिला घास घ्यायच्या आधीच उल्हासने विचारलं, "वरदा, संध्याकाळी नीट दिसतं ना तुला?"

तिने चमचा खाली ठेवला आणि तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा. दोन वर्ष झाला. डोळ्यांची टेस्ट केली."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"डॉक्टरांनी विचारलं, आई-बाबा रिलेटेड आहेत का. मी हो म्हटलं. दोघांकडून येतो म्हणे हा आजार." ती ताटाकडे बघत होती. "तुम्ही एकमेकांना ब्लेम करणार. म्हणून नाही सांगितला. आणि नीनाचा काही फॉल्ट नाही. मीच तिला सांगितलं, मला काढ. बॉल येतो आणि मध्येच गायब होते."

"उपाय?" उल्हासने बायकोकडे बघितलं. आयुष्यभर लोकांना धीर देत आलेली ती बाई मान वर करेना.

"माझ्या टाइपला काही नाही अजून," वरदाच म्हणाली. "आई, रडू नको ना."

आमटी गार झाली. कोणीच जेवलं नाही. सुप्रभा मुलीचा हात धरून बसून राहिली, आणि उल्हासला मात्र त्या दोघींजवळ जायची हिंमत होईना.

ऑक्टोबर असल्यामुळे लवकर अंधारून आलं. ती नको नको म्हणत असतानाही त्याने वरदाला गाडीने घरी सोडलं. उतरल्यावर तिने पायाने फुटपाथची कड चाचपली, मग वर चढली. त्याने इतकी वर्षं हे कधी पाहिलंच नव्हतं.

"वरदा!" त्याने काच खाली करून हाक मारली.

ती वळली, हसली आणि हात हलवला. पण हलवला तो पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीकडे बघून.